वाचकांचे प्रश्न : मस्कतला जाताना शुक्रवारचं काय करायचं?

प्रश्न : जानेवारीत सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन मस्कतला जायचं आहे. गुरुवारी दुपारी पोहोचू, सोमवारी सकाळी परत. दिवस कसे लावावेत?

उत्तर : महिना अगदी योग्य निवडलात. मे ते सप्टेंबर पारा चाळिशी ओलांडतो, वर समुद्राचा दमटपणा. वयस्कर माणसांना ते सोसत नाही.

तुमचा बेत अडेल तो शुक्रवारी. त्या दिवशी सुलतान काबूस ग्रँड मशीद पर्यटकांना बंद असते आणि मत्रह या बंदरालगतच्या भागातल्या सूकमधली (जुन्या बाजारातली) बहुतेक दुकानं सकाळी उघडत नाहीत. म्हणून शुक्रवारी शहरात थांबूच नका. पहाटे सहाला चालकासह गाडी करून निझवा या जुन्या शहराला जा, दीडेक तास लागतो. तिथे शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे दोरी धरून जनावर गोल फिरवत राहतात. घेणारे मधेच थांबवून दात, कास चाचपतात. ऊन चढलं की बाजार उठतो, त्यामुळे उशीर नको. निझवाच्या किल्ल्याच्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, आईवडिलांना वर नेण्याचा आग्रह धरू नका.

मशीद शनिवारी. पर्यटकांना सकाळी ८ ते ११ एवढीच वेळ मिळते, तेव्हा आठलाच दारात उभे राहा. बायकांचे केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत. साडी इथे अडचणीची ठरते, कारण दंड आणि कंबर उघडी राहते. लांब बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी उत्तम. पुरुषांनी फुलपँट घालावी. आतला गालिचा सुमारे ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद. त्यावर पर्यटकांसाठी वेगळी पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरूनच चालायचं.

रविवारी जुनं मस्कत : अल आलम राजवाडा (बाहेरूनच पाहता येतो), त्याच्या दोन बाजूंचे जलाली आणि मिरानी किल्ले, समोर राष्ट्रीय संग्रहालय. सूकमध्ये संध्याकाळी जा, दुपारी दुकानं बंद असतात. लोबान घेताना फिकट, हिरवट झाक असलेले पारदर्शक खडे निवडा. तपकिरी, धुळकट खडे स्वस्त पडतात, पण सुवासाला कमी.

मुक्काम मत्रहच्या किनारी रस्त्याजवळ करा. शहर डोंगर आणि समुद्राच्या मधे लांबच लांब पसरलंय. विमानतळाजवळ राहिलात तर रोज टॅक्सीतच वेळ जाईल.

किंमत वाचताना एक ध्यानात ठेवा : एका रियालचे १००० बैसा होतात, म्हणून पाटीवरचं २.५०० म्हणजे अडीच रियाल.

प्रश्न : हीच सहल २०२७च्या फेब्रुवारीत नेली तर?

उत्तर : रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल, चंद्रदर्शनावर एखादा दिवस मागेपुढे. सूर्यास्तापर्यंत चारचौघांत खाणं तर सोडाच, पाणी पिणंही चालत नाही, आणि बरीच उपाहारगृहं दिवसा बंद असतात. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर तारखा बदला, नाहीतर दिवसा आत बसवून जेवण देणारं हॉटेल आधीच विचारून ठरवा.