नर्सबाईंच्या ‘कुटुंबा’त भाचा बसतो का?

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं की माझ्याकडे येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: झोप लागत नाही. नाशिकमध्ये इतक्या जणांकडून हे ऐकलंय, की हल्ली मी आधी पेन्शनच्या कागदांचं विचारते, रक्तदाबाचं नंतर.

हरसूलकडच्या एका उपकेंद्रातल्या सिस्टर अशाच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वय 57, आरोग्यसेविका, नोकरी 1994 ची, लग्न केलेलं नाही. एसटीने सीबीएस बसस्थानकावर उतरून चालत आल्या आणि बसल्या बसल्या कापडी पिशवीतून एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना. त्यात एकच नाव होतं, आणि त्यावर कार्यालयातल्या कुणीतरी पेन्सिलने आडवी रेघ मारलेली. बाजूला शेरा: ‘भाचा कुटुंबात येत नाही.’

बहीण गेली तेव्हा पोरगं तीन वर्षांचं होतं. वडिलांनी दुसरं घर मांडलं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते इथे शब्दशः घडलं. पोरगा आता 24 चा, अंबडला एका कारखान्यात मशीनवर आहे. “शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून माझंच नाव आहे हो मॅडम. मग मी याची कोण?”

या प्रश्नाला नियमाचं उत्तर लगेच द्यायचं नसतं. पहिली भेट ऐकण्यातच गेली.

दुसऱ्या भेटीत मात्र मी कागदावर आले. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये ‘कुटुंब’ हा शब्द आपल्या घरातला नाही. एखादी रक्कम कुणाला द्यायची हे ठरवायला आखलेली ती चौकट आहे, आणि चौकटही एक नाही. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी, म्हणजे कर्मचाऱ्यामागे घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनसाठी, पती-पत्नी आणि मुलं हा गाभा. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशासाठी, यादी लांब: आईवडील आहेत, विवाहित मुलगीही आहे, भाऊ आहे पण 18 वर्षांखालचा. सिस्टरांचा भाऊ पन्नाशीचा. तो हयात असून या यादीत नाही, हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. “म्हणजे त्यालाही रेघ!”

त्यांचे आईवडील नाहीत. म्हणजे ग्रॅच्युइटीच्या व्याख्येप्रमाणे त्यांना ‘कुटुंब’च नाही, आणि ज्याला कुटुंब नाही तो कुणाचंही नामनिर्देशन करू शकतो. भाच्याचंही. ज्या व्याख्येने एका फॉर्मवर नाव खोडलं, तिनेच दुसऱ्या फॉर्मवर जागा करून दिली. अर्थात निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी त्यांच्याच हातात पडणार. त्याआधी काही बरंवाईट झालं तरच ते नाव कामाला येईल.

पेन्शनचं तसं नाही. नॉमिनी लावला की आपल्यामागे पेन्शन त्याला चालू राहते, हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. कुटुंब निवृत्तिवेतन नामनिर्देशनावर चालत नाही, व्याख्येवर चालतं.

“तेव्हाच दत्तक घेतला असता तर?” हा खरा काटा होता. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे वेगळी रूढी नसेल तर 15 वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही. ती वेळ गेलेली. पण मी त्यांना दुसरं काही विचारलं: पोटचा मुलगा असता तर त्याला जन्मभर मिळालं असतं का? नाही. मुलाला ते ठरावीक वयापर्यंत, तेही कमावता होईपर्यंतच. अपंगत्व असेल तर नियम वेगळा. तुमचा पोरगा कमावतो आहे. म्हणजे रेघ मारल्याने त्याचं गेलं किती? त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग कुणीतरी कानात घातलेला बेत निघाला: पेन्शन विकायची, म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे, आणि सगळी रक्कम त्याच्या हातात द्यायची. इथे मी जरा कडक झाले. 40 टक्क्यांपर्यंत विकता येते खरी, पण विकलेला भाग पूर्ववत व्हायला 15 वर्षं लागतात. म्हणजे 73 व्या वर्षापर्यंत दर महिन्याला हात आखडता. प्रेम सिद्ध करायचा हा मार्ग मला पटत नाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. ते नसेल तर मागे राहिलेल्यात भावाचाही वाटा निघेल.

तिसऱ्या वेळी भाचा सोबत आला. अवघडून बसला होता. त्याला या फॉर्मबद्दल काही माहीतच नव्हतं. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, “मावशी, दवाखान्यात सही लागली तर माझी चालेल ना? ते विचार मॅडमना.”

सिस्टरांनी उत्तर दिलं नाही. ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाचा कोरा फॉर्म पुढे ओढला. नात्याच्या रकान्याशी पेन थांबला. मग त्यांनी ‘बहिणीचा मुलगा’ असं लिहिलं. त्यातला ‘मुलगा’ जरा ठसठशीत.