वडिलांचा बांधकामाचा आणि छपरांचा धंदा मुलीने चालवावा का? मिस्त्री-कामगार बाईचं ऐकतात का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांना आता साइटवर फिरणं झेपत नाही, भाऊ परदेशात आहे, तुम्ही काही वर्षं हिशेब सांभाळताय आणि नातेवाईक म्हणतात, हा बाईमाणसाचा धंदा नव्हे, गुंडाळून टाका. मी दापोली तालुक्यात २०१४ पासून हाच धंदा चालवते. जांभ्या चिऱ्याची घरं, कौलारू छपरं, पत्र्याच्या शेड, जुन्या घरांची दुरुस्ती. सोळा माणसं बारमाही कामावर असतात, मे महिन्यात पंचवीसच्या वर जातात. म्हणून आधी उत्तर देते: ऐकतात. पण मालकाची मुलगी म्हणून ऐकत नाहीत, आणि पहिल्या वर्षी तर नाहीच.

आमचा धंदा सासऱ्यांनी सुरू केला. ते सुतार. मृगाच्या आधी गावोगावची घरं शाकारायची, कौलं उतरवायची, घासून परत लावायची, कुजलेला वासा बदलायचा. माझ्या मिस्टरांनी त्यात चिऱ्याचं बांधकाम आणि नंतर पत्र्याची कामं आणली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा तीन घरं अर्धवट होती, दोन गिऱ्हाइकांचे पैसे आगाऊ घेतलेले होते आणि हार्डवेअरच्या दुकानाची उधारी होती. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण वही माझ्याच हातची. दीर म्हणाले, माझ्या नावावर कर, तुला दर महिन्याला ठरावीक रक्कम देतो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या लोकांनी आगाऊ पैसे दिले होते ते माझ्या दारात येणार होते, त्यांच्या दारात नाही. मी नाही म्हणाले. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी साइटवर गेले.

वहीमुळे मला दर माहीत होते, माप माहीत नव्हतं. हा फरक मला पहिल्याच कामात कळला आणि महागात पडला. घर तीस बाय चाळीस फुटांचं. मी बाराशे चौरस फूट धरून छपराची किंमत सांगितली आणि शब्द दिला. आमचे जुने सुतार, जे सासऱ्यांच्या हाताखाली तयार झाले होते, त्यांनी संध्याकाळी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वहिनी, तुम्ही जमीन मोजलीत, छप्पर कुठे मोजलंत? वळचण चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर येते, म्हणजे चौतीस बाय चव्वेचाळीस झाले. त्यावर उतार. मंगलोरी कौलाला तीस अंशांच्या आसपास उतार ठेवला तर क्षेत्र आणखी पंधरा टक्क्यांनी वाढतं. म्हणजे सतराशेच्या वर. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. मी अठराशे धरली होती, लागणार होती पंचवीसशेपेक्षा जास्त. वासे आणि रिपाही (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) त्याच हिशेबात वाढल्या. दिलेला शब्द मी फिरवला नाही. तोटा सोसला आणि त्या रात्रीपासून रोज त्या सुतारांकडे शिकायला बसले. आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा कणा, कसं ठरवतात, कोपऱ्यावरचा तिरका कोनवासा कसा कापतात, छपराचे दोन पाखे, म्हणजे उतार, मिळतात तिथे पन्हळ किती रुंद लागते, सगळं. पाऊण वर्ष गेलं त्यात.

तुमच्याकडे तर वडील हयात आहेत. हे किती मोठं भाग्य आहे ते तुम्हाला आत्ता कळणार नाही. त्यांच्याकडून धंदा घेण्याआधी त्यांचं मोजमाप घ्या. कुठल्या गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय, कुठल्या मिस्त्रीच्या हाताला काय चांगलं जमतं, कुठल्या खाणीचा चिरा मऊ निघतो. यातलं एक अक्षरही वहीत नसतं.

आता कामगारांचं. माझ्या बाबतीत गोष्ट बदलली ती एका गोदामाच्या शेडवर. पाऊस सुरू झाला आणि नवीन पत्रा गळायला लागला. फिटर म्हणाला, पत्राच खराब आहे, दुकानदाराला सांगा. मी शिडी लावून वर गेले. पन्हाळी पत्र्याला उंचवटे असतात आणि मध्ये खळगे. पाणी वाहतं खळग्यातून, म्हणून स्क्रू उंचवट्यावर मारायचा. या पठ्ठ्यांनी पुढच्या बाजूला हात पोचायला सोपं म्हणून खळग्यात मारले होते आणि ड्रिल इतकं दाबलं होतं की रबरी वॉशर फाटून बाहेर आले होते. मी खडूने खुणा केल्या आणि सगळे काढायला लावले. भोकं बुजवायची, खालचे दोन पत्रे बदलायचे, खर्च आपला. फिटर म्हणाला, सगळीकडे असंच करतात. मी म्हटलं, आपल्याकडे नाही. आवाज चढवला नाही. पण तो खाली उतरल्यावर इतरांना म्हणाला, वहिनीला वरचं कळतं. त्या दिवसानंतर मला एकाही माणसाने "साहेबांना विचारून सांगतो" असं म्हटलं नाही. आधी म्हणायचे, आणि साहेब म्हणजे कोण, तर माझे दीर, ज्यांनी आयुष्यात कधी वासा उचललेला नाही.

तुमच्या बाबतीत हा साहेब म्हणजे तुमचे वडील असणार, आणि ते तर खरोखरच सगळं जाणतात. म्हणून तुमची अडचण माझ्याहून अवघड आहे. तुम्ही सांगाल एक, मिस्त्री घरी जाऊन बाबांना विचारेल, बाबा प्रेमापोटी काहीतरी वेगळं सांगतील, आणि तुमचा शब्द त्या दिवशी संपला. बाबांशी आधीच स्पष्ट बोला. मिस्त्री विचारायला आला तर त्यांनी एवढंच म्हणायचं: ताईला विचार. तुमचं चुकत असेल तर घरी, जेवताना सांगायचं. आमच्या सुतारांनी माझ्यासाठी हे केलं. पहिली दोन वर्षं ते माझ्या चुका चारचौघांत कधी बोलले नाहीत. हे ऋण मी फेडू शकणार नाही.

आणि पगार. शनिवारी दिवस मावळायच्या आत प्रत्येकाच्या खात्यात किंवा हातात पैसे गेले पाहिजेत, गिऱ्हाइकाने दिले असोत वा नसोत. यासाठी मी दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्याला हात लावत नाही. सरकारी इमारतीच्या दुरुस्तीचं एक बिल आमचं चौदा महिने अडकलं होतं. त्या काळात एकही शनिवार चुकला नाही. माणसं हे लक्षात ठेवतात.

बायकांच्या मजुरीबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे इतकं मुरलंय की त्यात कुणाला काही खटकत नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. घमेलं तेच, शिडी तीच, ऊन तेच. मी तिसऱ्या वर्षी दर सारखा केला तेव्हा दोन गडी काम सोडून गेले. एक परत आला. आज माझ्याकडे दोन बायका चिऱ्याचं दर्जेदार बांधकाम करतात, चिऱ्यांमधले सांधे भरतात, ओळंबा लावतात. घमेली वाहता वाहता बघून शिकल्या होत्या, हातात थापी कुणी दिली नव्हती एवढंच. तुम्ही मालकीण झालात आणि तुमच्या साइटवरची बाई घमेल्यापुढे गेली नाही, तर मला वाईट वाटेल.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभर दापोली-मंडणगडात जे झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. टाळेबंदीमुळे बाहेरचे कामगार आधीच गावी गेलेले. माझ्याकडे सात माणसं आणि फोन लागेल तिथून येणारी शेकडो बोलावणी. पावसाळा दारात.

छपरं कशी गेली ते मी घरोघरी बघितलं. सिमेंटचे पत्रे फुटून चुरा झाले, त्यातलं परत वापरण्यासारखं काही उरलं नाही. लोखंडी पत्रे काही ठिकाणी खालच्या पट्ट्यांसकट उडून दुसऱ्याच्या आगरात पडले. कौलारू घरांची कौलं उडाली, पण वासे-आढं बहुतेक जागेवर. मात्र एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. आमच्याकडे जुनं घर उतरवताना अजून बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्याचा, १८६५ हे स्थापनेचं साल कोरलेला ठसा असलेलं मंगलोरी कौल हाताला लागतं. तशी जुनी कौलं मिस्टरांनी परसात रचून ठेवली होती आणि मी त्यांना अडगळ म्हणायचे. त्या जूनमध्ये ती अकरा घरांवर चढली.

त्या आठवड्यात मला जे ठरवायला लागलं ते याआधी कधी लागलं नव्हतं. कुणाचं आधी करायचं? पैसेवाली मंडळी, मुंबईहून फोन करणारी, दुप्पट द्यायला तयार होती. पत्र्याचे भाव रोज चढत होते. मी सातही जणांना ओट्यावर बसवलं आणि विचारलं. सुतार म्हणाले, ज्यांच्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे तिथे आधी ताडपत्री, मग बाकीचं. तसंच केलं. मजुरीचा दर मे महिन्याचाच ठेवला. दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली, अजून बोलत नाहीत. त्या निर्णयाचा मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही.

त्यातून कामात एक बदल झाला. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. आणि ही ओढ कडेला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. आम्ही पूर्ण छपराला सारख्या अंतरावर स्क्रू मारत होतो. आता वळचणीच्या आणि कडेच्या ओळींत जवळजवळ मारतो, आणि सांगाडा नुसता भिंतीवर टेकवत नाही, बोल्टने काँक्रीटच्या पट्ट्यात जखडतो. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं. नव्या पद्धतीने केलेल्या आमच्या एकाही शेडचा पत्रा हलला नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं की तुमचं कोटेशन जास्त आहे. मी त्याला स्क्रू मोजून दाखवते.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण यात मी होरपळले. धंदा वडिलांच्या एकट्याच्या मालकीचा असेल तर तो नुसता "नावावर करून" मिळत नाही. तुम्हाला जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि खरेदीवर आधी भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने वळवून घ्यावं लागतं. वडील हयात असताना भागीदारी करणं सोपं. त्या करारात एक ओळ नक्की घाला: भागीदार गेला तरी उरलेले भागीदार संस्था चालू ठेवतील. भागीदार दोनच असतील तर मात्र एवढी ओळ पुरत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. ती नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ४२ व्या कलमाने भागीदाराच्या मृत्यूबरोबर संस्था विसर्जित होते. तुमचा हिस्सा किमान ५१ टक्के ठेवा, बँकेत सहीचा अधिकार घ्या आणि भावाशी आत्ताच, गोडीत, लेखी करून घ्या. दहा वर्षांनी धंदा वाढल्यावर ते बोलणं गोड राहत नाही.

५१ टक्क्यांचा आणखी एक अर्थ आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून ३ टक्के खरेदी करावी, असं धोरण २०१८ पासून आहे. त्यामुळे बायकोच्या नावावर संस्था काढून स्वतः चालवणारे पुरुष मी भरपूर पाहिलेत. एका बैठकीत माझ्या शेजारची मालकीण दर प्रश्नाला नवऱ्याकडे बघत होती. मला तिचा राग आला नाही, पण जीव तुटला. तुम्हाला कुणी असं सुचवलं तर ठाम नाही म्हणा. चेकवर सही तुमची आणि दर ठरवणारा दुसरा, असं झालं की कर्ज मात्र तुमचंच उरतं.

कामगारांची नोंदणी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात करून द्या. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो द्यायला पुष्कळ ठेकेदार टाळतात. विमाही काढा. माझी मुलगी आता सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. तिच्या वर्गात मुली निम्म्याही नाहीत. तिला मी शकुंतला भगतांबद्दल सांगते: १९५३ साली मुंबईत सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, नवऱ्याबरोबर १९७० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि सुट्या भागांतून जोडायचे पूल देशभर उभे केले. मुलगी म्हणते, आई, मला छप्परच करायचंय. बघू.

तर या मे महिन्यात बाबांना बरोबर घ्या आणि त्यांनी बांधलेल्या पाच जुन्या घरांना भेट द्या. घरमालकाला एवढंच विचारा: कुठे गळतं? जिथे गळत असेल तिथे वर चढून बघा. सलवार-कमीज किंवा पँट घाला, हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, बांधा, दोर पक्क्या जागी अडकवा. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर आडवी फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका. तो वरून धडधाकट दिसतो आणि माणसाच्या वजनाने एकदम फुटतो.