विमानाची टाकी : लीटर नव्हे, किलो

विमानांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली. तरी लोक इंजिनाबद्दल विचारतात, टाकीबद्दल क्वचितच. या वेळी मात्र टाकीवरचेच प्रश्न जास्त आले, म्हणून तेच घेतो.

प्रश्न : विमानात रॉकेल भरतात हे खरं का? एवढ्या महागड्या यंत्राला पेट्रोल का नाही?

खरं आहे. जेट विमानांचं ‘जेट ए-१’ हे रॉकेलच, पण कसोट्या फार कडक. त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्याहून थंड असताना त्यावर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते. शिवाय जेट इंजिनात ज्योत एकदा लागली की तेवतच राहते, त्यामुळे चटकन उडणाऱ्या इंधनाची तिथे गरजच नसते.

पिस्टन इंजिनाची छोटी विमानं मात्र पेट्रोलच्या जातीचं ‘एव्हगॅस’ पितात. त्यातल्या १००एलएल या प्रकाराला मुद्दाम निळा रंग देतात. त्याच्या जागी चुकून जेट इंधन पडलं, तर नळ्यांत उरलेल्या चांगल्या इंधनावर विमान धावपट्टीपर्यंत जातं, उडतंही, आणि मग इंजिन दगा देतं. म्हणून जेट इंधनाच्या नळीचं तोंड मुद्दाम रुंद ठेवतात. छोट्या विमानाच्या भोकात ते शिरता कामा नये.

प्रश्न : इंधन पंखांतच का ठेवतात? पोटात जागा नसते का?

जागा असते, आणि मोठ्या विमानांत पोटाखाली मधली टाकीही असते. पण खरी गंमत पंखांतच आहे. उडताना हवा पंखांना वर उचलते आणि मधलं धड त्यांना खाली ओढतं. सगळा ताण पंखाच्या मुळाशी येतो. पंखातच काही टन इंधन असेल तर ते हवेच्या उचलीला जागच्या जागी विरोध करतं आणि मुळावरचा भार हलका होतो.

म्हणूनच सहसा मधली टाकी आधी रिकामी करतात, पंखांतल्या नंतर. प्रत्येक विमानाला ‘कमाल शून्य-इंधन वजन’ अशी एक मर्यादाही असते. प्रवासी आणि सामान धरून विमान तेवढं भरलं, की त्यावरचा प्रत्येक किलो इंधनाचाच असावा लागतो.

आणि पंखात वेगळी टाकी बसवलेली असते असं समजू नका. पंखाची पोकळी आतून सांधे बुजवून गळतीबंद केली, की तीच टाकी.

प्रश्न : वैमानिक इंधन किलोत मोजतात, टँकरवाला लीटरमध्ये. हा घोळ कशासाठी?

घोळच आहे, पण त्याला कारण आहे. इंजिनाला ऊर्जा मिळते ती इंधनाच्या वस्तुमानातून. तापलं की इंधन फुगतं, लीटर वाढतात, ऊर्जा तेवढीच राहते. त्यात प्रत्येक खेपेची घनता वेगळी. १५ अंशांना जेट ए-१ची घनता घनमीटरला ७७५ ते ८४० किलो, कुठेही चालते. म्हणजे २०,००० लीटर इंधनाचं वजन १५,५०० किलो असेल किंवा १६,८०० किलोही. तेराशे किलोंचा फरक!

टँकरचा मीटर आकारमान मोजतो, त्यामुळे भरताना घनता विचारून हिशेब करावाच लागतो. तो चुकला तर काय होतं हे २३ जुलै १९८३ ला कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चे इंधनगेज बंद होते, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून लीटर काढले. त्यांना गुणायचं होतं साधारण ०.८ ने, गुणलं १.७७ ने. हा दुसरा आकडा लीटरचे पौंड करण्याचा होता, आणि ते विमान त्या कंपनीच्या ताफ्यात किलोत मोजणारं नवं होतं. हवं होतं २२,३०० किलो, भरलं त्याच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर उडताना इंधन संपत आलं आणि खाली येता येता एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अवजड विमान तरंगवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार एकाहून जास्त जणांनी तपासला होता. पण सगळ्यांच्या हातात तोच चुकीचा आकडा!

प्रश्न : बाहेर उणे ५५ अंश असतं. इंधन गोठत नाही का?

जेट ए-१चा गोठणबिंदू उणे ४७, अमेरिकेत चालणाऱ्या ‘जेट ए’चा उणे ४०. पण वेगामुळे पंखाला भिडणारी हवा दाबली जाऊन तापते. नेहमीच्या वेगाला पंखाला जाणवतं ते उणे ३० च्या आसपास. इंधन फारच निवायला लागलं तर वैमानिक खाली उतरतो किंवा वेग वाढवतो.

खरा शत्रू पाणी. इंधनात थोडं पाणी विरघळलेलं असतंच, थंडीत ते वेगळं होऊन बर्फ बनतं. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. इंधन उणे ३४ पर्यंतच गेलं होतं, गोठलं नव्हतं. पण नळीत साचलेला बर्फ ऐन वेळी सुटला आणि इंधन-तेल हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकला. गंमत अशी की इंजिनाच्या गरम तेलाने इंधन तापवायचं हेच त्या भागाचं काम. पुढे त्याची रचना बदलली.

म्हणून टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून काचेच्या बरणीत नमुना काढायचा. पाणी जड, ते खाली बसतं. नवख्यांना मी एकच बजावायचो : बरणी स्वच्छ दिसली म्हणून खूश होऊ नका, ती अख्खी पाण्यानेच भरलेली नाही ना ते बघा. पाणी राहिलं तर इंधनाच्या सीमेवर बुरशी धरते आणि तिचा चिकट थर फिल्टर बंद करतो.

प्रश्न : रिकामी टाकी भरलेलीपेक्षा सुरक्षित असणार ना?

उलट आहे. द्रव पेटत नाही, पेटते ती वाफ आणि हवा. जवळपास रिकाम्या टाकीत तळाशी थोडं इंधन असेल आणि ते तापलं, तर हे मिश्रण तयारच. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या ८०० क्रमांकाच्या उड्डाणात बोईंग ७४७ च्या मधल्या टाकीत असा स्फोट झाला आणि २३० जण गेले. टाकीखालच्या वातानुकूलन यंत्रांची उष्णता तिला मिळत होती. आता अनेक विमानांत टाकीत नायट्रोजनने समृद्ध हवा सोडतात. ऑक्सिजन कमी पडला की ठिणगी असूनही पेट घेत नाही.

प्रश्न : संकटात प्रत्येक विमान इंधन हवेत सोडतं का?

नाही. ती सोय ७४७, ७७७ सारख्या मोठ्या विमानांत असते, कारण त्यांचं उड्डाणाचं वजन उतरण्याच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त असतं. बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० सारख्या लहान विमानांत ती नसते. त्यांना घिरट्या घालून इंधन जाळावं लागतं, नाहीतर जड उतरून नंतर सांगाडा तपासून घ्यावा लागतो. आग लागली असेल तर मोठं विमानही सोडत बसत नाही, सरळ उतरतं.