गेस्ट म्हणजे वाळवंट नव्हे, भाकड माळ

हॅम्बुर्गला शिकायला गेलेल्या एका वाचक मुलीने विचारलं आहे: "इथल्या भूगोलात ‘गेस्ट’ नावाचा भूप्रदेश सारखा येतो. हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली वाळू आणि खडे, समुद्रकाठच्या सखल जमिनीपेक्षा थोडी उंच जागा. मला मराठीत टिपण लिहायचं आहे. एक मित्र म्हणतो ‘वाळवंट’ लिही, दुसरा म्हणतो ‘पठार’. बरोबर काय?"

दोन्ही नाही. पठार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कास येतं, पाचगणी येते; चहूबाजूंनी तुटलेले कडे येतात. गेस्ट शेजारच्या सखल जमिनीपासून बऱ्याच ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर वर असते. पठार बाद.

‘वाळवंट’बद्दल मात्र बोलावंच लागेल, कारण वाळू दिसली की वाळवंट म्हणायची ही सवय मला रोज कुठे ना कुठे ऐकू येते आणि रोज तितकाच त्रास होतो. वाळवंट हा नदीचा शब्द आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात ते काही ओसाड प्रदेशात जमत नाहीत. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की नदीचं वाळवंट उघडं पडतं, त्यात कलिंगडाचे वेल लावतात, वाळू हाताने उकरली की खाली पाणी लागतं. थरच्या प्रदेशाला आपण हाच शब्द लावला आणि तो आता रुळला. तो परत घ्या असं मी म्हणत नाही. पण तिथेही वाळवंट ठरतं ते पावसाच्या अभावाने. हॅम्बुर्गला वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास पुण्याइतका. पुण्याला कोणी वाळवंट म्हणेल का?

आता मूळ शब्दाकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. लिहिताना ‘गेस्ट’ लिहा, ‘गे’ लांबवून म्हणा, आणि पाहुण्याच्या इंग्रजी शब्दाशी त्याची गल्लत करू नका. दुसरी गल्लत जास्त वाईट आहे. डच भाषेत याच रोमन अक्षरांनी (Geest) लिहिला जाणारा शब्द ‘आत्मा, चैतन्य’ या अर्थाचाही आहे, त्यामुळे यांत्रिक भाषांतरात या जमिनीचा आत्मा होऊन बसतो.

गेस्ट हा उत्तर जर्मनीतल्या सखल प्रदेशाच्या बोलीतला, लो जर्मनमधला शब्द. ‘गेस्ट’ हे तिथे मुळात विशेषण: कोरडं, न पिकणारं. त्याचंच पुढे नाम झालं. आणि त्याच बोलीत ‘ग्युस्ट’ असं आणखी एक विशेषण आहे. ते गायीला लावतात. ग्युस्ट गाय म्हणजे दूध न देणारी गाय.

म्हणजे भाकड! मी हा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या गोठ्यातली आजी दिसली. संध्याकाळी चरवी घेऊन ती म्हशीखाली बसायची. एक दिवस तिने चारी सड ओढून पाहिले, चरवीच्या तळाला दोन-तीन थेंब वाजले, आणि ती उठता उठता म्हणाली, "भाकड झाली गं ही आता." आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. उद्यापासून पेंड कमी करायची, एवढाच त्याचा अर्थ होता. हॅम्बुर्गच्या एल्बे नदीकाठच्या शेतकऱ्याने आपल्या वाळूच्या जमिनीकडे पाहून हाच शब्द उच्चारला असणार, असं मला मनापासून वाटतं.

काही व्युत्पत्तिकार गेस्ट आणि ग्युस्ट यांना एका घरचे मानायला तयार नाहीत. स्वर नीट जुळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. स्वरांचे नियम मीही मानतो. पण ज्या बोलीत शेतकरी सकाळी शेतात आणि संध्याकाळी गोठ्यात असतो, तिथे इतक्या जवळच्या उच्चाराचे आणि इतक्या जवळच्या अर्थाचे दोन शब्द शतकानुशतकं एकमेकांना न शिवता राहिले, हे पटायला फार मोठी कोशनिष्ठा लागते. मुळं वेगळी असली तरी वापरणाऱ्याच्या तोंडात ते एकत्र आले असतील, एवढं तरी कबूल करा.

आपल्या ‘भाकड’बद्दलही माझं मत ठाम आहे. संस्कृतात ‘बष्कयणी’ म्हणजे व्यायल्याला बरेच दिवस झालेली गाय. अमरकोशात हा शब्द आहे. भाकड तिथूनच आला, असं मी धरून चालतो. ‘भाकडकथा’ फोडताना तिचं नातं ‘करुणा भाकणे’शी जोडणारे मला भेटले आहेत, आणि प्रत्येक वेळी मी भांडलो आहे. भाकडकथा म्हणजे जिच्यातून काही निघत नाही अशी कथा. ओढत बसा, चरवी रिकामीच.

पण ही जमीन भाकड का? तिथल्या एका वाळूच्या खाणीत मी उभा छेद पाहिला आहे. वर वीतभर काळी माती, मुळांनी विणलेली. तिच्याखाली एकदम राखेच्या रंगाचा पट्टा, बोटाने खरवडला की पिठासारखा झरणारा. त्याखाली गंजाच्या रंगाचा थर, इतका घट्ट की नखाने ओरखडाही उठेना. पाऊस वाळूतून झरझर खाली जातो, जाताना लोह आणि सेंद्रिय अंश धुऊन नेतो आणि खाली साचवतो. मधे उरतो तो राखाडी, धुऊन निघालेला थर. अशा मातीचं जगभर चालणारं नाव ‘पॉडझॉल’ रशियन आहे, आणि त्यातही राखच आहे.

ही वाळू आली स्कँडिनेव्हियाहून सरकत आलेल्या बर्फाबरोबर. गेस्टचा बराचसा भाग शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या हिमकाळाने घडवला, जो सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी संपला. म्हणजे पाऊस तिला तेव्हापासून धुतो आहे. बर्फाने वाळूबरोबर दगडही आणले. १९९९ साली हॅम्बुर्गजवळ एल्बेच्या तळातून २१७ टनांचा एक दगड निघाला, मूळचा स्वीडनचा. अशा परक्या दगडाला जर्मनमध्ये ‘फिंडलिंग’ म्हणतात. तोच शब्द टाकून दिलेल्या, सापडलेल्या बाळालाही आहे.

परिभाषेची आवड असलेले लोक इथे ‘हिमनिक्षेपित वालुकामय उच्चभूमी’ सुचवतील. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. हॉलंडमध्ये फुलांचे कंद लावतात त्या किनाऱ्यालगतच्या जमिनीलाही ‘गेस्ट’ म्हणतात. ती वाळू समुद्राची आणि वाऱ्याची आहे, हिमनदीची नव्हे. मग तुमचा शब्द तिथे काय करणार? गेस्ट हा शेतकऱ्याचा शब्द आहे. वाळू आणली कोणी, हे त्यात नाही. ती देते काय, एवढंच आहे.

म्हणून माझा शब्द: ‘भाकड माळ’. नुसतं ‘बरड’ही जवळ जातं, पण बरड म्हटलं की पायाला मुरूम टोचतो. ‘वांझ’ अजिबात नको, आणि याचं कारण गोठ्यात कोणीही सांगेल. वांझ ती कायमची, भाकड ती काही काळापुरती. पशुवैद्य ‘भाकडकाळ’ म्हणतात तो साधारण दोन महिन्यांचा, पुढे जनावर व्यायलं की पुन्हा धार लागते. गेस्टचंही तसंच झालं. तिथले शेतकरी माळावरची झुडपं मुळांच्या जाळ्यासकट सोलून काढत, गोठ्यात अंथरत, आणि शेणामुताने भिजलेलं ते खत शेतात टाकत. शतकानुशतकं असं चालल्याने काही शेतं मीटरभर उंच झाली. आपल्या कोकणात वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरचा पालापाचोळा भाताच्या राबासाठी, रोपांचा वाफा भाजायला, नेतात, त्यातलंच हे. (‘वरकस’ शब्दावर वेगळं लिहायला हवं.) पुढे रासायनिक खत आलं, तुषार सिंचन आलं, आणि आज हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ‘ल्यूनेबुर्ग हाइड’ नावाच्या गेस्टच्या भागात, उल्त्सन शहराच्या आसपास बटाट्याची मोठी पिकं निघतात.

‘हाइड’ या शब्दाबद्दलही जाता जाता सावध करतो. ल्यूनेबुर्गकडे हाइड म्हणजे ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी भरणारा झुडपांचा माळ. पूर्व जर्मनीत, बर्लिनच्या बाजूला, हाइड म्हणजे वाळूवर वाढलेलं पाइनचं जंगल. एकच मराठी शब्द दोन्हीकडे वापरलात तर निम्म्या वेळा चुकाल.

राहिली गेस्टच्या पायथ्याची सखल जमीन, ‘मार्श’. समुद्राचा गाळ, बांध घालून मिळवलेला, ओहोटीला उघडणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या दारांनी राखलेला. तिच्यासाठी नवा शब्द बनवायला बसू नका. गोव्यात तिला खाजण म्हणतात, आणि त्या दाराला मानस. टिपणात पहिल्यांदा ‘गेस्ट, म्हणजे भाकड माळ’ आणि ‘मार्श, म्हणजे खाजण’ असं लिहा, मग पुढे नुसते मराठी शब्द वापरा. खाजणातली गाय दुभती असते, हे तुमच्या वाचकाला सांगावं लागणार नाही.