मालकी रान, काजू आणि वनशास्त्राची पदवी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. भुदरगड तालुक्यात आपली साडेतीन एकर जमीन आहे, त्यातील दीड एकरावर ऊस आहे आणि वरच्या वरकस उतारावर वडिलांच्या काळापासून राखलेले मालकी रान आहे. ते रान मोकळे करून काजू लावावा, असे आपल्याला वाटते. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी आपली मुलगी त्याला विरोध करते आणि तिला वनशास्त्राला जायचे आहे. “झाडे लावायला पदवी कशाला, आणि ती घेऊन पोट भरेल का?” हा आपला प्रश्न आहे. अभ्यासाकडे तिचे लक्ष नाही हे दाखवण्यासाठी आपण तिच्या वहीच्या एका पानाचे छायाचित्रही पाठवले आहे. मी उत्तराची सुरुवात त्या पानापासूनच करतो.

पानावर सतरा झाडांची नावे आहेत. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, नाणा, अंजनी अशा प्रत्येक नावापुढे संख्या लिहिलेली आहे आणि उंबरासमोर पेन्सिलीने ‘धनेश, जोडी, सकाळी साडेसात’ अशी नोंद आहे. कोणीही सांगितलेले नसताना केलेली ही मोजणी म्हणजे या क्षेत्रातील कामाची पहिली पायरी आहे. धनेश हा पक्षी उंबराची फळे खातो आणि रानातील बिया दूरवर नेऊन टाकतो. मात्र त्याचे घरटे जुन्या, जाड झाडाच्या ढोलीतच असते. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला अनेक आठवडे चारा भरवतो. ढोलीचे झाड गेले की त्या जागी शंभर रोपे लावली तरी पुढची कित्येक वर्षे धनेशाला घर मिळत नाही. कोणते झाड राखायचे, कोणते विरळायचे, खालच्या पिकाला किती ऊन सोडायचे, हे ठरवण्याचे शास्त्र असते आणि ते शिकावे लागते.

बांधावरच्या झाडाखालची उसाची ओळ दबते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. झाड आणि पीक एकाच जमिनीवर ऊन, पाणी आणि अन्न वाटून घेतात. ही वाटणी शेतकऱ्याच्या फायद्याची कशी होईल, याचा अभ्यास म्हणजे वनशेती, सरकारी भाषेत कृषिवनीकी. भारताने २०१४ साली यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा आपला देश जगातील पहिला होता. पश्चिम घाटातच याचे उत्तम उदाहरण आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये कॉफी रानातील देशी झाडांच्या सावलीत वाढते आणि अशा मळ्यांत पक्ष्यांची विविधता मोठी आढळते. पण सरळ आणि भराभर वाढणारा, मिरीचा वेल चढवायला सोयीचा असलेला सिल्व्हर ओक जिथे देशी झाडांच्या जागी आला, तिथे मळा हिरवा दिसत असूनही ही विविधता कमी झाली. म्हणूनच ‘झाडे लावली’ एवढ्याने संवर्धन होत नाही, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्या काजूबद्दलही स्पष्ट बोलतो. काजूला भरपूर ऊन लागते, त्यामुळे दाट रानाखाली तो फळणार नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. परंतु सगळा उतार मोकळा करण्याची गरजही मला दिसत नाही. ओढ्याकाठचा आणि तीव्र चढाचा भाग तसाच राखावा, झुडपी आणि विरळ भागात काजू घ्यावा, बांधावर माणगा जातीचा बांबू लावावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यानुसार ‘झाड’ गणला जात नाही. याउलट ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय उभा हिरडा दरवर्षी फळ देतो आणि तोडलेला एकदाच पैसे देतो.

गव्यांनी ऊस तुडवल्याचे आपण पत्रात लिहिले आहे आणि ‘जंगल वाचवा म्हणणाऱ्यांचे काय जाते’ असे विचारले आहे. आपला राग मला रास्त वाटतो. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ पासून गव्यासाठीच राखले गेले, पुढे त्याचा राधानगरी अभयारण्य म्हणून विस्तार झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत ते समाविष्ट झाले. पण गव्याला अभयारण्याची हद्द कळत नाही, आणि त्याची किंमत शेजारचा शेतकरी मोजतो. या क्षेत्रात पक्ष्यांवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. तुडवलेल्या उसाचे नुकसान घरात सोसलेले फार थोडे आहेत. आपल्या मुलीसारखी मुले संवर्धनाच्या कामात यावीत, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण हेच आहे.

आता मार्गाविषयी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आपल्याला सर्वांत सोयीचे आहे. पदवी चार वर्षांची असून प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतो. अकोल्यातही हा अभ्यासक्रम आहे. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर धारवाड कृषी विद्यापीठाचे शिरसी येथील महाविद्यालय कोल्हापूरपासून फार दूर नाही. पुढे वनशेतीत पदव्युत्तर शिक्षण घेता येते; झाशी येथे या विषयाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. मुलीचा ओढा झाडापेक्षा प्राण्यांकडे अधिक निघाला, तर कोल्हापुरातच वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा विचार करावा. हा ओढा कोणता, हे तिला शांतपणे विचारा. पदवीची निवड त्यावरच व्हावी.

पोटापाण्याचे सांगतो. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे राज्य लोकसेवा आयोगाकडून भरली जातात, तर भारतीय वन सेवा केंद्रीय आयोगाकडून. मात्र जागा थोड्या असतात आणि जाहिराती अनियमित निघतात, म्हणून केवळ त्या आशेवर चार वर्षे घालवू नयेत. संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, रोपवाटिका, बांबू आणि काजू प्रक्रिया येथे काम आहे. सुरुवातीचा पगार बहुधा बेताचाच असतो. एक नवी वाटही रुंदावते आहे. युरोपीय महासंघाने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार कॉफी, कोको, रबर, लाकूड असा माल २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नसल्याचे दाखवावे लागणार आहे. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली, तरी शेत, झाड आणि नकाशा हे तिन्ही समजणारी माणसे त्यासाठी लागणारच.

परीक्षा संपल्यावर तिला एक काम द्या. वहीतील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजावा, तारीख लिहावी आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा मोजावे. ती एक वर्षाची नोंद हाती येईपर्यंत तोडीचा अर्ज करू नये, अशी माझी विनंती आहे. प्रवेशासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर सातबारा उताराही काढून ठेवा. कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात शेतकऱ्यांच्या पाल्यांना गुणांचा अधिभार मिळत आला आहे. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर