"मी सांगितलं होतं ना!"

प्रश्न : माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. सुरवातीला मी धरून चारच जण होतो, तेव्हा सगळं सुरळीत चालायचं. आता दहा झालोय आणि रोज काही ना काही राडा. मागच्या महिन्यात एका जुन्या पार्टीचे ब्रोशर होते, मी सकाळी जाता जाता सांगितलं की लॅमिनेशन नेहमीसारखं कर, तर संध्याकाळी बघतो तर अख्खा लॉट ग्लॉसी, चकचकीत! त्यांचं कायम मॅट, म्हणजे बिनचकाकीचं असतं. परत छापून दिलं, खर्च माझ्या अंगावर. विचारलं तर म्हणे तुम्ही मॅट बोललाच नाहीत. आता रोज रात्री बसून मीच सगळं चेक करतो. माणसं बदलू की मीच कुठे कमी पडतोय?

उत्तर : माणसं राहू द्या, आधी तो 'नेहमीसारखं' शब्द काढून टाका. तुमचं नेहमीचं म्हणजे त्या पार्टीचं नेहमीचं, आणि त्या मुलाचं नेहमीचं म्हणजे मशीनवर कालपासून लॅमिनेशनचा जो रोल चढलाय तो. म्हणजे तुम्ही दोघंही खरं बोलताय, हीच तर गंमत आहे.

१९९० साली स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं, बस एवढंच. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं आणि समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. तुम्ही रोज सकाळी जाता जाता जे सांगता ना ते असंच असणार. मी स्वतः खोक्यांचा धंदा करायचो तेव्हा फोन कानाला लावून नुसत्या हाताने 'तो मोठा साइझ घे' अशी खूण केली होती, गोदामात मोठे साइझ तीन होते, पुढचं सांगत नाही.

बरं आता मला सांगा, तुम्ही गिऱ्हाइकाची प्रूफवर, म्हणजे छापण्याआधीच्या नमुन्यावर, सही घेतल्याशिवाय मशीन चालू करता का? नाही ना? मग स्वतःच्या माणसाला काम सांगताना प्रूफ का नाही काढत? 'समजलं का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर जगात सगळीकडे 'हो'च येतं, मालकाला नाही समजलं कोण म्हणणार. त्याऐवजी 'माझं काही सांगायचं राहिलं का बघतो, तू काय करणार ते एकदा बोल' असं म्हणा. वाक्य असंच ठेवा, म्हणजे परीक्षा तुमची होते, त्याची नाही. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतात, वीस-वीस वर्षं उडवलेले पायलटसुद्धा, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पहिला आठवडा जरा ऑकवर्ड जाईल, जुनी माणसं तोंड वाकडं करतील, करू द्या.

चार जण असताना चालायचं त्याचं कारणही साधं आहे. चार माणसांत आपापसात बोलायच्या जोड्या ६ होतात, दहा माणसांत ४५. तेव्हा सगळं एकमेकांच्या कानावर पडायचं, आता पडत नाही. म्हणून कामासोबत एक कागद फिरू द्या, त्यावर लिहा, छपाईचा कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), नग किती, लॅमिनेशन कुठलं, तारीख कोणती. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, निळी टिक म्हणजे बघितलं, समजलं असं नाही.

आणि ते रात्रीचं चेकिंग बंद करा. साहेब रात्री बघणारच आहेत म्हटल्यावर दिवसा कोण बघेल? शिवाय रात्रीपर्यंत लॉट निघून गेलेला असतो. पहिला शीट निघाला की चालवणाऱ्याने तो त्या कागदाशी ताडून सही करायची, मग पुढचं.

प्रश्न : आमच्याकडे चूक झाली की लपवतात, मला थेट गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळतं. मी काही रागीट नाही हो, पण डेडलाइन असली की आवाज चढतो.

उत्तर : अहो, लपवायला तेवढा चढलेला आवाज पुरतो! टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला काही खटकलं तर इशाऱ्याची दोरी ओढता यायची. ओढली की लाइन लगेच थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो, जागच्या जागी सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर मग थांबते. माझ्या मते त्यातली खरी मेख लीडर येऊन पहिलं काय बोलतो ही आहे. 'कोणी केलं?' विचारलंत की पुढच्या वेळी दोरीला कोणी हात लावणार नाही. 'किती नग गेले आणि आत्ता काय करता येईल?' एवढंच विचारा. कोणी केलं ते दोन दिवसांनी, शांतपणे, आणि चारचौघांत नाही. आणि आवाज चढलाच, तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका की मघाशी माझं चुकलं, मला हे जमायला बरीच वर्षं लागली, पण त्यानंतर फोन गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या माणसांचे यायला लागले.