भूगोलाच्या सहलीत खरंच अभ्यास होतो की नुसती मजा? तुमची एखादी आवडती आठवण सांगाल का?

अभ्यास होतो आणि मजाही होते. माझ्या नोंदवहीत तर दोन्ही एकाच पानावर आहेत: खाली मातीच्या थरांची आकृती आणि तिच्यावर सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाच्या, पेल्याचा गोल डाग.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना सहल म्हणजे भाड्याने घेतलेली एस.टी., मागच्या सीटवर डंपी लेव्हल (जमिनीची उंच-सखल मोजायची दुर्बीण) आणि पट्ट्यांचा गठ्ठा, पुढे सर आणि मधे अंताक्षरी. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे मोजले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की भूगोल हा पाठ करायचा विषय नाही. पाण्याबरोबर गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि बेसॉल्टसारख्या दगडात माणूस बुडेल एवढे रांजण कोरतात. (इंग्रजीत यांना पॉटहोलच म्हणतात, पण त्या शब्दाने मला फक्त पुण्यातले रस्ते आठवतात. रांजणखळगा तो रांजणखळगाच.) संध्याकाळी सात वाजता हजेरी, पिठलं-भाकरी आणि मुलींनी धर्मशाळेच्या खोलीतून बाहेर पडायचं नाही. हा झाला पूर्वार्ध.

उत्तरार्ध ऑक्टोबर २०१४ मधला. एम.एस्सी.साठी इंग्लंडला जाऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहिलीच क्षेत्रभेट नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सॉमरसेटला, तीन दिवसांची. प्रोफेसर साठीचे, गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेले, आणि त्यांना म्हणे नुसत्या नावाने हाक मारायची. मला ते तोंडातून निघेना. तिन्ही दिवस मी त्यांना कशानेही हाक न मारता, समोर जाऊन उभी राहून प्रश्न विचारले.

पहिला दिवस चेडरच्या घळीत गेला. चुनखडीचे उंच कडे, लवणस्तंभांच्या गुहा, पर्यटकांची गर्दी. हिमयुगात जमीन गोठलेली असताना वितळलेलं पाणी खाली मुरू शकलं नाही, वरूनच वाहिलं आणि त्याने ही घळ कापली. आज तेच पाणी जमिनीखालून वाहतं. सुंदर आहे, पण फोटोत दिसते तशीच आहे. माझा जीव अडकला तो दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी गेलो ‘लेव्हल्स’वर. नावाप्रमाणे सपाट, नजर पोचेल तिथवर हिरवं कुरण आणि त्यात सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर. पाटीवरचं स्पेलिंग काहीही असो, लोक त्यांना ‘रीन’ म्हणतात. आदल्या हिवाळ्यात, म्हणजे २०१३-१४ ला, इथे सुमारे ६,९०० हेक्टर जमीन कित्येक आठवडे पाण्याखाली होती. मचल्नी नावाच्या गावाला जायला होडी लागत होती. प्रोफेसरांनी विचारलं, गावाच्या नावात शेवटी काय ऐकू येतं? मचल्नी, ॲथल्नी, थॉर्नी. तो शेवटचा ‘ई’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बेट. मचल्नी म्हणजे मोठं बेट. हजार वर्षांपूर्वी नाव ठेवणाऱ्यांना जे माहीत होतं ते घरं बांधणारे विसरले, एवढंच. आम्ही गेलो तेव्हा पॅरट नदीच्या काठावर यंत्रं पात्रातला गाळ उपसत होती आणि ‘नद्या उपसा’ असे फलक शेतांच्या कडेला अजून लटकत होते.

मग प्रोफेसर समजावून सांगायला लागले की पाणी साचतं का. किनाऱ्याजवळचा चिकणमातीचा पट्टा आतल्या जमिनीपेक्षा थोडा उंच, म्हणजे पावसाचं पाणी आतच अडकतं. त्यात ब्रिस्टलच्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक, चौदा मीटरपर्यंत. भरतीच्या वेळी नदीचं तोंडच बंद होतं. म्हणून कालव्यांच्या तोंडाशी झडपा बसवतात. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की समुद्रच तिला दाबून बंद करतो. त्या झडपेच्या दाराला तिकडचे लोक ‘क्लाइस’ म्हणतात. वर्गातल्या ब्रिटिश मुलांनाही हा शब्द नवीन होता. सगळे लिहून घेत होते.

मी लिहीत नव्हते. माझं आजोळ अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीच्या पट्ट्यात. क्लाइस म्हणजे उघाडी! आमच्या बांधाच्या पोटात बसवलेली, वरून बिजागरीला लटकणारी लाकडी झडप, जिच्याजवळ जाऊ नको म्हणून लहानपणी आजाचा मार खाल्ला होता. उधाणाला बांधाला खांड पडली की गावातली सगळी माणसं रात्री कंदील घेऊन मातीची ढेकळं टाकायला धावायची. खार जमिनीतलं भात, बांधाशेजारचं तळं, तळ्यातला जिताडा. हे सगळं मी पाहिलं होतं, जगले होते, पण ‘भूगोल’ या शीर्षकाखाली एकदाही लिहिलं नव्हतं. पुण्यात असताना एका परीक्षेत मी डच पोल्डरवर, म्हणजे समुद्र अडवून मिळवलेल्या जमिनीवर, दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. खारेपाट डोक्यातसुद्धा आला नव्हता.

दुपारी जमिनीत नळी घातली. रशियन कोअरर म्हणतात ती: अर्धगोल नळी, दांडे जोडत खाली ढकलायची, अर्धा फेरा फिरवायची आणि तिघांनी मिळून उपटायची. उपटताना माझा डावा बूट चिखलात राहिला आणि मी मोज्यावर उभी. नळी उघडली, तर आत पीट, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडापाल्याची माती. आत वेताच्या पात्यांसारखी पाती, अजून पिवळसर. बघता बघता, दोन-तीन मिनिटांत, हवा लागून ती काळी पडली. कितीतरी हजार वर्षं टिकलेला रंग आमच्या डोळ्यांसमोर गेला. याच पीटमध्ये १९७० साली एक लाकडी पायवाट सापडली, दलदल ओलांडायला टाकलेल्या फळ्यांची. झाडांच्या वार्षिक वलयांवरून तिचं वय काढलंय: लाकूड इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात तोडलेलं. पाण्यात राहिलं म्हणून टिकलं. पीट सुकला की लाकूडही जातं आणि जमीनही खचते. पीटच्या खाली निळसर करडी चिकणमाती लागली, जुन्या समुद्राची. मी नाक जवळ नेलं. खाडीच्या चिखलाचा वास! भरती उतरल्यावर येतो, अगदी तोच.

आता सायडर.

संध्याकाळी एका शेतावर गेलो. सफरचंदं झाडावरून तोडत नाहीत, झाड हलवून खाली पाडतात आणि गवतातून गोळा करतात. खळ्यात त्यांचा ढीग पडला होता, लाल-पिवळी, डागाळलेली, आपल्या फळवाल्याने हातही लावला नसता अशी. शेतकऱ्याने एक माझ्या हातात दिलं, ‘किंग्स्टन ब्लॅक’ जातीचं, काळपट लाल. मी चावा घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. सगळे हसले. चव कशी आहे, प्रोफेसरांनी विचारलं. कोणी कडू म्हणालं, कोणी आंबट, कोणी ‘ड्राय’. मला शब्द माहीत होता, पण तो मराठी होता: तुरट. कच्चं जांभूळ, आवळा, हिरवं केळं. सायडरच्या सफरचंदात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून ती खायला नकोशी आणि प्यायला हवीशी. त्यांची प्रतवारीसुद्धा चवीवरच: गोड, आंबट, कडूगोड, कडूआंबट. मी ‘तुरट’ शब्द सगळ्यांना शिकवला. त्या रात्री दोन वेल्श मुलं प्रत्येक घोटानंतर ‘टुरट’ म्हणत होती.

मग प्रोफेसर म्हणाले, चला, चीज बघू. आदल्या दिवशीच चेडरला जाऊन आलेलो, मला वाटलं खायला काहीतरी मिळणार. सकाळपासून दोन सँडविचवर होते. पण हे चीज वेगळं. सफरचंदाचा चोथा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात, उसाच्या गुऱ्हाळात चिपाडांचा ढीग दिसावा तसा, आणि वरून दाब देतात. त्या रचलेल्या ढिगाला चीज म्हणतात. खालून तपकिरी रस गळत होता. पूर्वी या रसाचं सायडर शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून मिळायचं, गवत कापणीच्या दिवसांत जास्तच. १८८७ च्या कायद्याने मजुरीत दारू देणं बंद केलं. पद्धत त्यानंतरही बरीच चालली, असं शेतकरी हसत म्हणाला.

रसात यीस्ट घालत नाहीत. फळावरच्या, कोठारातल्या जंगली यीस्टवर सोडून देतात आणि हिवाळाभर लाकडी पिंपात ठेवतात. आम्हाला मिळालं ते मागच्या वर्षीचं. गढूळ, फेस नाही, गार नाही, वासाला थोडं गोठ्यासारखं. दुकानातल्या बाटलीतलं गोड-फसफसणारं पेय डोक्यात ठेवून कोणी प्यायलं तर तोंड वाकडं करेल. मी पहिला घोट घेऊन तेच केलं. दुसऱ्या घोटाला सकाळपासूनचा चिखल, हरवलेला बूट (सापडला नंतर), ओला मोजा, सगळं बसल्या जागी ठीक झालं. पहिली फेरी प्रोफेसरांची, दुसरी कोणाची ते आठवत नाही. पिंपावर नोंदवही ठेवून मी पीटची आकृती पक्की करत होते, तेव्हाच तो गोल डाग पडला. पुसायला गेले, तर प्रोफेसर म्हणाले, राहू दे, स्थानिक निक्षेप आहे, इथेच साचलेला थर.

सहा-साडेसहा टक्क्यांचं ते पेय उपाशीपोटी दोन पाइंट घेऊ नये, हा सल्ला तुम्हाला फुकट. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बरो मम्प नावाच्या टेकाडावर पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून मी सादरीकरण केलं. काय बोलले ते नोंदवहीत नाही.

रविवारी आजीला फोन केला. ती विचारते, तिकडे काय खातेस-पितेस. खोटं बोलावंसं वाटलं नाही. सफरचंदाचा रस म्हटलं, आंबवलेला. आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “यीस्ट घालत नाहीत ना वरून? मग माडीच की ती.” आजा वाडीतल्या माडावर चढून मडकं लावायचा, सकाळची माडी गोड, दुपारची चढलेली, संध्याकाळची आंबट. इंग्लंडला थंडीमुळे हेच व्हायला सहा महिने लागतात. आजीने एका वाक्यात जे जुळवलं ते मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात घरी आले तेव्हा तीच नोंदवही घेऊन बांधावर गेले. उघाडीची मापं घेतली, ओहोटीला किती वेळाने झडप उघडते ते घड्याळ लावून बघितलं, चिखलाचे थर काढले. आजा काठावर छत्री घेऊन बसला होता. ऐंशी वर्षांचा माणूस, एवढ्या लांब शिकायला गेलेली नात परत येऊन त्याच्याच उघाडीसमोर गुडघाभर चिखलात उभी. बराच वेळ त्याने बघितलं आणि मग ओरडला, “ए, झडप वरच्या बाजूला कुजलीय, तेही लिही!”

लिहिलं. डागाच्या मागच्याच पानावर आहे.